खाज थांबल्यावरचं मलम

कार्यक्रमपत्रिकेत आयोजकांनी माझ्या विषयाला ‘स्त्रियांचं त्वचा-आरोग्य’ असं सोवळं नाव दिलंय. मी बोलणार आहे लघवीच्या जागेवरच्या खाजेबद्दल. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी उठायचं कारण नाही; हा आजार त्यांच्याही घरात असू शकतो.

आजाराचं नाव लायकेन स्क्लेरोसस. पाळी गेलेल्या बायकांत तो जास्त दिसतो, आणि पाळी न आलेल्या मुलींतही. बहुधा शरीराची प्रतिकारशक्तीच कातडीवर उलटते. हा संसर्ग नाही, नवऱ्याकडून आलेला नाही, अस्वच्छतेमुळे तर नाहीच. रात्री आडवं झालं की खाज उसळते. कातडी पांढुरकी, लसणाच्या सालीसारखी पातळ नि चुरगळलेली होते, चिरा पडतात, लघवी लागली की आग होते. दुर्लक्ष झालं तर आतल्या पाकळ्या हळूहळू नाहीशा होतात, योनीचं तोंड आक्रसतं. तोवर बाईला मिळतं काय? बुरशीची औषधं, ‘वयाचं आहे’ हा दिलासा, नाहीतर कोड असल्याचा धसका.

औषध आहे, आणि स्वस्त आहे: क्लोबेटासॉल, ०.०५ टक्क्यांचं मलम. पहिला महिना रोज एकदा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यातून दोनदा, अशी एक रुळलेली पद्धत आहे. एका वेळी किती? तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून ओढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, तेवढं पुरे. आरसा धरून नेमक्या जागी लावायचं, मांडीला नाही. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने सहज जाते.

इथे घरचे मध्ये पडतात. ‘स्टेरॉइड? कातडी पातळ होईल!’ भीती अगदीच निराधार नाही. गोरं दिसायला हीच मलमं चेहऱ्याला फासून बिघडलेले चेहरे आम्ही पाहतो. गजकर्णावर चोळली तर ते फोफावतं. २०१८ साली सरकारने अशी कित्येक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, ते योग्यच झालं. म्हणून आधी तपासणी, शंका असेल तर बायोप्सी. पण निदान पक्कं झाल्यावर ही भीती महाग पडते. मायांगाची ही कातडी, देखरेखीखाली, तीव्र स्टेरॉइड चांगलं सोसते. तिची नासाडी करतो तो आजार.

खरी गफलत पुढेच होते. खाज थांबली की ट्यूब कपाटात जाते आणि आत आजार चालूच राहतो. ऑस्ट्रेलियातल्या ५०७ स्त्रियांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सांगितल्याप्रमाणे मलम लावत राहिलेल्या ३५७ जणींपैकी एकीलाही तिथला कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था झाली नाही. चालढकल केलेल्या १५० जणींत सात जणींना झाली. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, तेव्हा हा शेवटचा शब्द नव्हे. तरी माझ्या रुग्णांना मी हे आकडे सांगते.

साबण, डेटॉल, सुगंधी वॉश तिथे नको. कोमट पाणी आणि साधं व्हॅसलीन चालेल. वर्षातून एकदा दाखवायला या. न भरणारी जखम, गाठ किंवा जाडसर चट्टा दिसला तर मात्र तारखेची वाट पाहू नका. आणि मुलींच्या आयांनो, पाळी सुरू झाली की हे आपोआप जातं, या भरवशावर राहू नका; काहींचं शमतं, सगळ्यांचं नाही.