ओरखड्याचा बट्टा

पेशवाईत चांदवडी, अंकुशी, सुरती असे नाना टाकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. सराफ त्यांचं वजन करी, कस पाही आणि बट्टा कापून ते बदलून देई. रुपयावर ओरखडा आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. चांदी पुरी भरली की झालं. तोच रुपया आज संग्राहकापुढे ठेवा. तो तराजूआधी भिंग काढतो. बट्टा आजही आहे, फक्त तो आता वजनापेक्षा पृष्ठभागावर लागतो.

संग्राहक पहिल्यांदा विचारतो, खोट टाकसाळीत झाली की बाहेर? जुनी नाणी हातोड्यानं पाडत. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळे शिवराईवर ‘छत्रपति’मधलं एखादं अक्षर कडेबाहेर निसटलेलं दिसतं. सगळी अक्षरं आलेल्या नाण्याला भाव जास्त हे खरं, पण निसटलेलं अक्षर हा काही त्या नाण्याला झालेला अपघात नव्हे. ते जन्मतःच तसं आहे.

दुसरा प्रश्न झिजेचा. व्हिक्टोरिया राणीचा 1862चा रुपया घ्या. वजन 11.66 ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. हातोहात फिरताना त्याचे उंच भाग आधी झिजतात: राणीचा गाल, मुकुट, कपड्यावरची नक्षी. अशी झीज बाजाराला मान्य असते. भाव पायरीपायरीनं उतरतो. पण आपल्याकडे रुपये, पावल्या, चवल्या माळेत ओवायची रीत होती. सोनारानं डाख देऊन कडी बसवली आणि पुढे ती काढली, तरी कडेवर डाग राहतोच. साध्या रुपयाला असा डाग किंवा भोक असलं की तो बहुधा चांदीच्या भावाजवळ येऊन थांबतो.

ओरखडा कुठे आहे यालाही महत्त्व आहे. 1862 हे साल घातलेले रुपये पुढेही कित्येक वर्षं पाडले गेले. त्यांचे प्रकार ओळखताना संग्राहक मागच्या बाजूचे बारीक ठिपके मोजतात. ओरखडा नेमका त्या ठिपक्यांवरून गेला, तर नाण्याची ओळखच पुसली जाते. तेवढाच ओरखडा कडेच्या वेलपत्तीत लपला, तर त्याकडे काणाडोळा होतो.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र प्रेमापोटी होतं. जुनं नाणं सापडलं की आपण चिंच, राखुंडी नाहीतर भांड्यांची पावडर घेऊन बसतो. टाकसाळीत दाब पडताना धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. कोरं नाणं दिव्याखाली फिरवलं की चकाकीचा पट्टा गोल फिरतो, तो या रेषांमुळे. घासल्यावर रेषा सपाट होतात. नाणं चमकतं, पण ती चमक भांड्याची असते आणि जाणकाराला ती लगेच कळते. नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या परदेशी संस्था 1 ते 70 असे गुण देतात; घासलेल्या किंवा भोक पडलेल्या नाण्याला सहसा आकडा मिळत नाही, फक्त दोषाची नोंद होते.

अपवाद दुर्मिळतेचा. शिवरायांचा सोन्याचा होन किंवा 1939चा चांदीचा रुपया इतका क्वचित मिळतो की ठोका लागलेल्या नाण्यालाही गिऱ्हाईक असतं. बट्टा तिथेही लागतो, पण नाणं हातचं जाऊ देणं कोणाला परवडत नाही. आणि मोगल रुपयांवर सराफांनी पारखीसाठी मारलेले लहान ठसे? विकताना ते भाव उतरवतात. अभ्यासकाला मात्र ते रुपया किती हातांतून गेला हे सांगतात.

तेव्हा घरात जुनं नाणं निघालं तर ते कडेनं धरा, बोटं तोंडावर टेकवू नका. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका. काही प्लास्टिकमधून निघणाऱ्या द्रव्यानं तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो. माळेची कडी काढायला सोनाराकडे धावू नका, कारण काढलेल्या कडीचा डाग कडीपेक्षा जास्त खुपतो. आणि नाणं काळं पडलं असेल तर काळंच राहू द्या. कळकट नाणं उद्या जाणकाराकडून साफ करून घेता येईल; घासलेलं नाणं पुन्हा कोरं करणारा कारागीर अजून जन्मायचा आहे.