घरच्या लेथची सोयरीक
(मंडळात दिलेले भाषण)



१९५९ साली भिलाईत पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून या गावाचे यंत्राशी नाते जडले. निवृत्तीनंतर घरी जुना लेथ आणणाऱ्यांसाठी चार शब्द सांगतो.

चक घेण्यापूर्वी स्पिंडलचे तोंड मोजावे : आट्यांचा व्यास व पिच किती, आतला मोर्स टेपर कितव्या क्रमांकाचा. हा टेपर रुंद टोकाशी दोन क्रमांकाचा १७.७८ मिलिमीटर, तर तीन क्रमांकाचा सुमारे २३.८ मिलिमीटर असतो.

कॉलेटवरील अंकही वाचावेत. 'ईआर-३२' मधील ३२ हा मालिकेचा क्रमांक. पकडीचा व्यास नव्हे. '१३–१२' असे कोरलेले कॉलेट तेवढ्याच मर्यादेत पकडते. म्हणून अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा दांडा त्यात बसतो. '१२–११' मध्ये तो ठोकून घालू नये. कॉलेट आधी नटात अडकवावे, मगच नट स्पिंडलवर चढवावा.

गोल वा षटकोनी कामास तीन जबड्यांचा चक, वेड्यावाकड्या कामास चार स्वतंत्र जबड्यांचा. तीन जबडे त्यांच्या क्रमांकानेच बसवावेत.

सोयरीक जमविताना आपण पत्रिका पाहतो. येथे व्हर्नियर लावावे. फिरत्या चकातून निसटलेला तुकडा कुणाचा अनुभव विचारीत नाही, आणि घरच्या कार्यशाळेच्या दारात नातवंडे उभी असतात.