शंकूंतील भुंगे

आमच्या वाशीकडे ज्वारीच्या कणगींत सोंडकिडा दिसला कीं गृहिणी धान्य उन्हांत घालते, तें योग्यच. परंतु बागेंतल्या ताडासारख्या दिसणाऱ्या सायकसच्या शंकूंत तसाच सोंडेचा भुंगा आढळला, तर हात आवरावा.

सायकसला फुलें नसतात. नर व मादी झाडें वेगळीं असतात. पुष्कळ जातींत पराग पिकतांना नराचा शंकू तापतो, वास सोडतो. भुंगे तेथें जमतात आणि परागानें माखून मादीकडे जातात.

ओळखतांना रंगास भुलूं नये. भिंगाखालीं तोंड लांबून सोंड झालेली दिसली, तर तो सोंडकिड्यांचा गोतावळा. सोंड नसून मिशांचीं टोंकें गदेसारखीं फुगलेलीं असलीं, तर कूळ निराळें. अशाच निराळ्या कुळांतील, आशियांतल्या सायकसवर राहणाऱ्या भुंग्यांस ‘सायकॅडोफिला’ हें प्रजातिनाम २०१५ सालीं मिळालें. जातीचा निर्णय तज्ज्ञांवर सोंपवावा. आपण झाड कोणतें, नर कीं मादी, स्थळ व तारीख एवढें टिपून ठेवावें.

पश्चिम घाटांतील देशी सायकस आज नामशेष होण्याच्या धोक्यांत आहे. न ओळखतां औषध फवारून त्याचा दूतच मारला, तर बी धरणार कोठून?