गर्भस्थ बालक आणि साचलेले पाणी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आरोग्याच्या विषयावर बोलण्यासाठी मंडळाने माझ्यासारख्या, उभी हयात फायलींत घालविलेल्या मनुष्यास उभे करावे, याचे काहींना नवल वाटेल. मी वैद्य नव्हे. परंतु ज्या रोगाविषयी मी आज बोलणार आहे, त्यावर अद्याप खास औषध नाही आणि वापरात आलेली लसही नाही. जेथे औषध नाही तेथे वैद्याच्या आधी गृहस्थाचे काम सुरू होते, आणि गृहस्थ या नात्यानेच मी आपल्यापुढे उभा आहे.

या रोगाचे नाव झिका. युगांडा देशात एंटेबेजवळ झिका नावाचे एक अरण्य आहे. पिवळ्या तापाचा शोध घेणाऱ्या संशोधकांना १९४७ साली तेथे पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडाच्या रक्तात हा विषाणू प्रथम सापडला. आपल्या देशातही १९५२ च्या सुमारास गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांत या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळल्याची नोंद आहे. तरीही पुढील अर्धशतक त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही, आणि त्यास कारणही होते. लागण झालेल्या पाचांपैकी चौघांना काहीच जाणवत नाही. उरलेल्यास थोडा ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल, सांधे दुखणे; आठवड्याभरात मनुष्य पुन्हा कामावर रुजू होतो. अशा आजाराला कोण भिणार?

२०१५ साली ब्राझीलने या प्रश्नाचे उत्तर दिले. त्या देशाच्या ईशान्य भागात रेसिफे नावाचे शहर आहे. तेथील बालमेंदूतज्ज्ञ डॉ. व्हानेसा व्हान डर लिंडन यांच्याकडे अतिशय लहान डोके असलेली नवजात बालके एकापाठोपाठ एक येऊ लागली. त्यांच्या मातोश्री डॉ. आना याही त्याच शाखेच्या. त्यांनाही आपल्या रुग्णालयात तशीच बालके दिसली. अशी विकृती एरवी क्वचितच आढळते. मातांना विचारता अनेकींना आठवले की, गर्भारपणाच्या आरंभीच्या महिन्यांत अंगावर पुरळ येऊन गेला होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कांपिना ग्रांडे येथील डॉ. आद्रियाना मेलो यांनी दोन गर्भवतींच्या गर्भजलाचे नमुने तपासणीस पाठविले आणि त्यांत झिकाचा विषाणू निघाला. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी घोषित केली. ती त्याच वर्षी नोव्हेंबरात उठविण्यात आली. पण जी बालके जन्मास आली होती, त्यांची आणीबाणी उठली नाही.

आईच्या उदरात वार नावाची जी तटबंदी आहे, ती बाळाचे सर्व रोगांपासून रक्षण करते, असा एके काळी समज होता. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी त्यास धक्का दिला. गर्भारपणी आईला रुबेला म्हणजे जर्मन गोवर झाल्यास बाळास जन्मतः मोतीबिंदू होतो, हे त्यांनी दाखवून दिले. झिकाचा विषाणूही ही तटबंदी ओलांडतो आणि ज्या पेशींपासून मेंदू घडावयाचा त्यांचाच नाश करतो. मेंदू वाढला नाही की कवटीही वाढत नाही. पहिल्या तीन महिन्यांत हा धोका सर्वांत अधिक असतो. म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा घरात गोड बातमी अजून पुरती फुटलेलीही नसते.

येथे कोणी घाबरून जाऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लागण झालेल्या प्रत्येक मातेचे बालक सदोष निपजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे शंभरांत पाच ते पंधरा बालकांत काही दोष आढळतो. मात्र जन्मतः डोके नेहमीसारखे दिसले म्हणजे संकट टळले, असेही नाही. दृष्टी, श्रवण, गिळण्याची क्रिया, सांध्यांची हालचाल, फेफरे, यांतले काही पुढे प्रकट होऊ शकते. म्हणून अशा बालकाची तपासणी पुढील काही वर्षे नेमाने चालू ठेवावी लागते.

आपण म्हणाल, ब्राझील कोठे आणि आपण कोठे! परंतु २०१७ साली गुजरातेतले रुग्ण जाहीर झाले. २०१८ साली एकट्या राजस्थानात, मुख्यतः जयपुरात, दीडशेहून अधिक रुग्ण आढळले. २०२१ साली केरळ आणि कानपूर येथे साथ आली, आणि त्याच वर्षी जुलैत पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला. २०२४ साली तर खुद्द पुणे परिसरात रुग्णांची संख्या शंभरावर गेली आणि त्यांत गर्भवती स्त्रिया पुष्कळ होत्या. आपल्या लेकीसुना बाळंतपणासाठी जेथून येतात आणि जेथे जातात, तीच ही गावे आहेत.

आता या सर्वांचा वाहक कोण, ते पाहू. एडिस इजिप्ती या नावाचा हा डास काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. डेंग्यू आणि चिकुनगुन्याही तोच पसरवितो. मलेरियाचा डास रात्री चावतो, हा दिवसा. गटारीच्या घाणीपेक्षा याला घरातले स्वच्छ साठवलेले पाणी प्रिय. मादी भांड्याच्या आतल्या बाजूस, पाण्याच्या रेषेलगत अंडी घालते, आणि ती अंडी पाणी नसतानाही कित्येक महिने तग धरतात. म्हणून नुसते पाणी ओतून टाकणे पुरे नव्हे. भांडे घासले पाहिजे. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. हा डास फार दूर उडत नाही. बहुधा शे-दोनशे मीटर. याचा अर्थ उघड आहे. आपल्याला चावलेला डास आपल्या नाही तर शेजाऱ्याच्या घरी जन्मलेला असतो.

याच ब्राझीलने कसोशीच्या मोहिमेने हा डास देशातून नाहीसा केला होता, आणि १९५८ साली तशी अधिकृत घोषणाही झाली होती. पुढे दक्षता सैल पडली, शेजारच्या देशांत डास उरलाच होता, आणि सत्तरीच्या दशकात तो परत येऊन ठाण मांडून बसला. रेसिफेच्या गरीब वस्त्यांत नळाला पाणी रोज येत नाही. माणसे पिंपे भरून ठेवतात. साथीचा सर्वांत मोठा भार याच वस्त्यांवर पडला. नळाला पाणी एक दिवसाआड येणे म्हणजे काय, हे या सभागृहात कोणास समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे ग्रहण लागले की गर्भवतीला अंधाऱ्या खोलीत बसवितात. तिने विळी हाती धरावयाची नाही, काही चिरावयाचे नाही, नाहीतर बाळाच्या अंगी व्यंग येते. ज्या वडीलधाऱ्या बायकांनी हा नेम पाळला, त्यांच्या मायेविषयी मला आदर आहे. परंतु आकाशातील सावलीने गर्भाला बाधा होत नाही. बाधा होते ती उन्हाळा सरूनही गच्चीवर पाणी राहिलेल्या कूलरने, फ्रिजमागच्या तबकडीने, कुंडीखालच्या बशीने, झाकण नसलेल्या टाकीने. ग्रहण वर्षातून एकदा-दोनदा, कूलर रोजचा. जी काळजी आपण ग्रहणात घेतो, ती या पाण्याच्या बाबतीत घ्यावी, एवढेच माझे मागणे आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. बालक व्यंग घेऊन जन्मले की दोष आईच्या माथी मारण्याची आपली रीत आहे. तिने काय खाल्ले, ती कोठे गेली, कोणाची नजर लागली, असे प्रश्न तिलाच विचारले जातात. ब्राझीलमध्येही अफवा उठल्या. कोणी लसीवर, कोणी पाण्यात टाकलेल्या औषधावर बोट ठेवले, आणि पुष्कळ पती घर सोडून निघून गेले. मागे उरलेल्या मातांनी रेसिफे येथे एक संघ काढला. त्याच्या नावाचा अर्थ ‘देवदूतांच्या मातांचा संघ’ असा आहे. त्यांनी औषधे, दूध, चाकांच्या खुर्च्या एकमेकींना मिळवून दिल्या. २०२० साली तेथे अशा बालकांसाठी आजीव निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, आणि पुढे २०२५ साली भरपाईसह अधिक मोठ्या वेतनाचा. सरकारी नोकरीमुळे मला ठाऊक आहे की, असा हुकूम निघणे ही लहान गोष्ट नव्हे. पण दहा वर्षांच्या मुलाची मान रोज हाताने सावरणाऱ्या आईचा हात कोणत्याही हुकुमाने मोकळा होत नाही.

तेव्हा करावयाचे काय? आठवड्यातून एक वार कोरडा पाळावा. त्या दिवशी घरातील प्रत्येक भांडे रिकामे करून घासावे, आणि हे काम पुरुषांनी करावे. गर्भवतीने दिवसाही अंगभर कपडे ल्यावे आणि दुपारी निजताना मच्छरदाणी लावावी. ताप अथवा पुरळ आल्यास घरगुती उपचारांत दिवस न घालविता डॉक्टरांकडे जावे आणि कोणत्या गावाहून आलो ते आवर्जून सांगावे. डेंग्यू नाही अशी खात्री होईपर्यंत अॅस्पिरिनसारख्या गोळ्या घेऊ नयेत. हा विषाणू पतीकडून पत्नीकडेही जातो. म्हणून साथीच्या गावाहून परतलेल्या पतीने निदान तीन महिने, आणि पत्नी गर्भवती असल्यास प्रसूतीपर्यंत, डॉक्टरांच्या सल्ल्याने संयम वा साधन यांचा आश्रय घ्यावा. लागण झालेल्या आईने बाळास अंगावर पाजणे मात्र थांबवू नये.

भगिनींनो आणि बंधूंनो, परमुलखात बाळंतपण आले की हाकेच्या अंतरावर ना सासर असते ना माहेर. ती उणीव पन्नास वर्षे या मंडळाने भरून काढली. कोणी डिंकाचे लाडू पोचविले, कोणी रात्री रुग्णालयात बसले. त्या परंपरेत आणखी एक काम घालावे, असे मी सुचवितो. आपल्यांतील कोणाच्याही घरी दिवस गेल्याचे कळले की मंडळाच्या दोघा तरुणांनी त्या घराभोवतालची, आणि शेजाऱ्यांच्या संमतीने त्यांच्याही घरांभोवतालची, पाण्याची भांडी पाहून यावे, आणि प्रसूतीपर्यंत दर आठवड्यास पाहत राहावे. यास वर्गणी लागत नाही, सभागृह लागत नाही. डास मराठी-अमराठी भेद करीत नाही. म्हणून या निमित्ताने शेजाऱ्यांशी आपला परिचयही वाढेल.