थंड हवेचीं ऑर्किडें आणि त्यांचीं पानें

ऑर्किड घरीं आणणारा मनुष्य बहुधा फुलासाठीं तें आणतो. फूल कांहीं आठवडे टिकतें आणि गळून पडतें. वर्षाचे उरलेले महिने खिडकींत उभें राहतें तें पान. झाड सुखांत आहे कीं दुःखांत, हें पानच बोलून दाखवितें; परंतु ती भाषा वाचण्याचा अभ्यास फार थोड्यांनीं केलेला असतो. थंड हवेच्या ऑर्किडांच्या बाबतींत तर हा अभ्यास अत्यावश्यक होय. कारण हीं झाडें दुर्लक्षापेक्षां चुकीच्या मायेनेंच अधिक मरतात.

या चुकीला मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत अशी समजूत होती कीं, उष्ण कटिबंधांतून आलेलें प्रत्येक झाड उष्णतेचें भुकेलें असावयाचें. १८३० सालीं जॉन लिंडले या थोर वनस्पतिशास्त्रज्ञानें ऑर्किडांना भरपूर ऊब, सावली व दमटपणा द्यावा असा उपदेश केला. तापविलेल्या कांचगृहांत हीं झाडें कोंडलीं गेलीं आणि मोठ्या संख्येनें मेलीं. त्यांतील कित्येक दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतावरील, दोन ते तीन हजार मीटर उंचीच्या, धुक्याच्या अरण्यांतलीं होतीं. नकाशावर विषुववृत्त दिसलें, पण पर्वताची उंची दिसली नाहीं! पुढें ती अरण्यें प्रत्यक्ष पाहून आलेल्यांच्या वृत्तांतांवरून खुद्द लिंडले यानेंही आपलें मत सुधारलें, आणि १८६० नंतरच्या दशकांत जेम्स बेटमन यानें थंड कांचगृहाचा पुरस्कार केला.

थंड हवेचें ऑर्किड म्हणजे बर्फांत वाढणारें झाड नव्हे. मास्देव्हालिया किंवा ओडोंटोग्लॉसम यांना दिवसा सुमारें २० ते २४ अंश सेल्सिअस आणि रात्रीं १० ते १३ अंश इतकी हवा मानवते. हिमालयांतील सिंबिडियम दिवसाची ऊब याहून अधिक सोसतें. परंतु शरद् ऋतूंत रात्री थंड झाल्यावांचून त्यास फुलाचा दांडा सहसा येत नाहीं. रात्रीच्या गारव्याचें एवढें महत्त्व कां? पान दिवसा प्रकाशांत शर्करा तयार करतें. रात्रीं श्वसनांत तिचा कांहीं भाग खर्च होतो. रात्र जितकी उष्ण, तितका हा खर्च अधिक. दिवसाची कमाई रात्रींच संपून जाणाऱ्या संसारांत शिल्लक उरत नाहीं, तसेंच या झाडाचें होतें. तें पानें गाळतें आणि हळूहळू खंगतें.

आतां पानाची भाषा पाहूं. सिंबिडियमचें गर्द, काळपट हिरवें, लोंबतें पान डोळ्यांस सुंदर वाटलें तरी उजेड कमी पडत असल्याची ती खूण होय. पिंवळट किंवा तांबूस छटा फार चढली तर ऊन अधिक झालें. मास्देव्हालियाला मात्र सावलीच अधिक प्रिय. पातळ पानांच्या ऑर्किडांत नवें पान पंख्यासारखें चुणीदार निघालें, तर तें वाढत असतां पाणी किंवा हवेंतील ओलावा अपुरा पडला असें समजावें. ती चुणी पुढें जात नाहीं. पुढच्या पानाची काळजी घेणें एवढेंच हातीं उरतें. टोंक काळें पडूं लागल्यास बहुधा पाण्यांतील क्षार किंवा खताचा अतिरेक कारण असतो. सांठविलेलें पावसाचें पाणी यास उत्तम. खत अगदीं विरळ द्यावें आणि मधून मधून निव्वळ पाण्यानें कुंडी धुऊन काढावी.

सुरकुतलेलें पान पाहतांच लोक पाणी ओततात, आणि येथेंच घात होतो. प्रथम मुळें पाहावीं. तीं टणक असतील तर झाड तहानलेलें आहे. तपकिरी व पिचपिचीत असतील तर तें बुडालेलें आहे. मास्देव्हालियाला पाणी सांठविणारा फुगीर कंद नसतो, म्हणून त्याचीं मुळें पूर्ण सुकूं देऊं नयेत. उलट हिमालयांतील सीलोजिनी क्रिस्टाटा हिला हिंवाळ्यांत पाणी कमी करावें लागतें. कुंडींतील साल किंवा शेवाळ कुजण्यापूर्वींच बदलावें.

पानावरील ओले, तपकिरी डाग बहुधा बुरशीचे किंवा जंतूंचे असतात. पाणी सकाळीं घालावें, म्हणजे सायंकाळपर्यंत पानें कोरडीं होतात. हवा खेळती ठेवावी. रोगट भाग कापतांना कात्री प्रत्येक झाडागणिक ज्योतींत तापवून घ्यावी, कारण विषाणूजन्य रोग अशाच हत्यारांवाटे पसरतात व त्यांवर उपाय नाहीं. पानाची खालची बाजू रुपेरी, ठिपकेदार दिसल्यास कोळ्याच्या जातीची सूक्ष्म कीड लागली असें समजावें. कोरड्या उष्ण हवेंत ती माजते.

महाराष्ट्रांतील गृहस्थानें एक गोष्ट मोकळेपणीं मान्य करावी. पुण्याच्या मार्गशीर्षांतल्या रात्री या झाडांना रुचतात, पण वैशाखांतली दुपार चाळीस अंशांच्या आसपास जाते. तेथें हवा कोरडी असल्यामुळें वाळ्याचा ओला पडदा कांहीं गारवा देतो. मुंबईच्या दमट हवेंत तोही उपाय फारसा चालत नाहीं. थंड केलेली कांचपेटी ठेवण्याची ऐपत व चिकाटी नसेल, तर अँडीजचें झाड आणून त्याचें हळूहळू मरण पाहण्यांत कसली हौस?

१८५० सालीं जोसेफ हूकर यानें आसामलगतच्या खासी टेकड्यांतून निळ्या व्हँडाचीं सात माणसांच्या ओझ्याइतकीं झाडें क्यूच्या बागेसाठीं गोळा केलीं. त्यांतील फारच थोडीं इंग्लंडास जिवंत पोहोंचलीं. तेंच निळें व्हँडा आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रक्षिलेलें आहे. सह्याद्रींतील सीतेची वेणी ही आमरी आपल्या उन्हाळ्यास सरावलेली आहे. परंतु तीही रानांतून ओरबाडून न आणतां रोपवाटिकेंत वाढविलेलीच घ्यावी. आपल्या घराची हवा अगोदर पाहावी आणि मग झाड निवडावें. असें निवडलेलें झाड फुललें नाहीं त्या वर्षींही त्याचें निरोगी पान घराची शोभा राखील.