घास गिळेनासा झाला तर



अर्धांगवायूनंतर माणसाला गिळता येईनासे झाले, की आपण मायेने निजल्याजागी पाणी पाजतो. भाकरी अवघड, पाणी सोपे, असे वाटते. पण दुबळ्या गळ्याला पातळ पाणीच पुष्कळदा आवरत नाही. ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

बेडकाचा पाय विजेने हलतो, हे गॅल्व्हानीने १७९१ साली प्रसिद्ध केले. त्याच तत्त्वाने तज्ज्ञ मानेवर पट्ट्या लावून सौम्य वीज देतात व गिळण्याचे स्नायू आकसवतात. मात्र वीज ही मदतनीस. मुख्य काम रोजच्या व्यायामाचे, आणि तो करून घेणारे हात आपलेच.

म्हणून उमरग्यातील माझ्या भगिनींनो, डॉक्टरांनी तपासल्यावाचून काही पाजू नका. भरवाल तेव्हा बसवूनच भरवा.