कामगार निरीक्षक आणि आपण



दहावीनंतर आपली काही मुले कॉलेजात जातात. बरीचशी यंत्रमागावर, गॅरेजात, बेकरीत किंवा दुकानात कामाला लागतात. पहिला पगार हाती घेताना आपला हक्क काय, हे त्यांना कोण सांगतो? म्हणून आज कामगार कायद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी निरीक्षकाविषयी चार शब्द बोलतो.

नुसता कायदा होऊन भागत नाही. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, पण मोठ्यांच्या सुट्टीविषयी तो मुका होता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून आठवड्याची सुट्टी मागितली. ती मिळायला १८९० साल उजाडले.

निरीक्षकाची कर्तव्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४७ च्या करारात सांगितली आहेत. भारताने तो १९४९ मध्ये मान्य केला. पहिले कर्तव्य, कायद्याचे पालन करवून घेणे. दुसरे, मालक आणि कामगार दोघांनाही योग्य सल्ला देणे. तिसरे आपण विसरतो: कायद्यात पळवाट दिसली तर ती सरकारच्या नजरेस आणणे. शिवाय तक्रार कोणी केली, हे त्याने गुप्त ठेवायचे असते. "नाव कळले तर काम जाईल" ही गरिबाची भीती करार करणाऱ्यांनी ओळखली होती.

२०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यानुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाला पाहिजे आणि पगाराची पावतीही दिली पाहिजे. पगार थकला तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. कामगाराच्या वतीने निरीक्षक स्वतःही तो दाखल करू शकतो. पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

मात्र निरीक्षक रोज प्रत्येक दारी येऊ शकत नाही. आला तरी त्याच्यापुढे हजेरीपट आणि पगारपत्रक ठेवले जाते. कोऱ्या कागदावर सही घेतलेली असेल, उचल तोंडी आणि खाडे मनमानी असतील, तर प्रामाणिक अधिकाऱ्याचेही हात बांधले जातात. आणि कुंपणच शेत खाऊ लागले, तर बोलायलाच नको.

म्हणून मुलांनो, एक लहानशी वही ठेवा. कामाचे दिवस, तास, घेतलेली उचल आणि हाती आलेली रक्कम तारखेसह लिहा. वाचल्याशिवाय सही करू नका. पगाराची पावती मागा.

या सभेत मजुरांचे पालक आहेत, तसे मागांचे मालकही आहेत. संस्थेला सढळ हाताने देणगी देणाऱ्यांचे आपण ऋणी आहोत. तरीही त्यांना नम्रपणे विनंती करतो की, देणगी आणि मजुरी यांची गल्लत होऊ देऊ नका. शाळेला दिलेले दान आहे. कामगाराला दिलेले त्याचे देणे आहे.

उद्या एखाद्या मुलाने हिशेब विचारला, तर त्याला उद्धट म्हणू नका. गणित त्याला आपणच शिकवले आहे.